घोडा, माणूस आणि सड्यावरची वाट

जुलै महिन्यातली गोष्ट. आंबोलीचा ट्रेक करून आम्ही अकरा जण रात्री हॉस्टेलवर परत आलो होतो. दोरीवर ओले मोजे, खिडकीच्या गजांना ओल्या सॅक आणि सगळ्या मजल्यावर कुबट वास. मेस बंद झाली होती, पण मेसच्या काकांनी आमच्यासाठी खिचडी झाकून ठेवलेली. ती खाताना वादाला तोंड फुटलं. माझा रूम पार्टनर साताऱ्याचा. तो म्हणाला, "तुमच्या आंबोलीत सगळं आहे रे. धुकं आहे, धबधबा आहे, मक्याचं कणीस आहे. फक्त घोडे नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर बघ, माथेरानला बघ. इथल्या सड्यावर कड्याकड्यानं घोड्याची रपेट सुरू केली तर गावातल्या पोरांना मुंबईला जायची गरज पडणार नाही."

झालं! खिचडीवर दोन पक्ष पडले. एक 'घोडे हवेत' पक्ष आणि दुसरा 'डोंगर वाचवा' पक्ष. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं, की डोंगरावर फक्त पायी चालणाऱ्यांनी यावं, बाकी सगळ्यांनी किनाऱ्यावर जाऊन नारळपाणी प्यावं. रात्री दीडपर्यंत भांडण चाललं. शेवटी कोणीतरी मला विचारलं, "तू मालवणचा ना? मग तू काहीच कसा बोलत नाहीस?"

मी खरंच काही बोललो नाही. गप्प राहायला माझ्यापाशी कारण होतं, आणि ते या लेखात पुढे येईलच. पण दोन्ही पक्षांचं मला पटलं नव्हतं. म्हणून ते उत्तर आता, थोडं उशिरा का होईना, लिहून देतोय. मासिकाच्या संपादकांनी "पानं कमी पडतायत, काहीतरी दे" म्हटलं, हेही एक निमित्त.

आधी ही जागा कोणती ते सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या जणांनी सिंधुदुर्ग म्हणजे फक्त तारकर्ली आणि मासे एवढंच धरलंय. मालवणच्या समुद्रात होडीत बसून पूर्वेला पाहिलं, की किनाऱ्याच्या माडांमागे एक निळसर रेघ दिसते. तीच सह्याद्रीची धार. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरूनही ती दिसते, पण आपण गच्चीवर जातो ते मोबाईलला रेंज मिळावी म्हणून. या धारेवर आंबोली आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच. तिथून कड्याच्या काठाकाठानं महादेवगड, नारायणगड, कावळेसाद अशी ठिकाणं लागतात. उत्तरेकडे शिवापूरच्या डोक्यावर मनोहर-मनसंतोषगड हे जोडकिल्ले. त्याच्याही पुढे रांगणा. रांगणा तसा कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात येतो, पण कुडाळ तालुक्यातल्या नारूर गावातून त्याच्यावर वाट चढते, म्हणून आम्ही तो आमचाच मानतो.

हिमालयवाल्यांना ही उंची हसण्यासारखी वाटेल. पण इथे एका बाजूला सपाट सडा आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा. आणि पाऊस! आंबोलीला वर्षाला सरासरी सातशे सेंटीमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे पडलेला थेंब कोणत्या बाजूला घरंगळतो यावर त्याचं नशीब ठरतं. आंबोलीतच उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. आणि मनोहरगडाच्या बाजूचं पाणी तेरेखोल नदीतून अरबी समुद्रात. म्हणजे त्या सड्यावर दोन पाय फाकवून उभं राहिलं, तर एका पायाचं पाणी एका समुद्राला आणि दुसऱ्याचं दुसऱ्या. अशा जागेवर वाट कशी असावी आणि तिच्यावरून कोणी चालावं, हा प्रश्न काही फक्त पर्यटनाचा नाही.

आता 'डोंगर वाचवा' पक्षाशी बोलतो. मित्रहो, तुमचं म्हणणं असं, की घोडा हे शहरी खूळ आहे, डोंगरावर त्याचं काम काय. हे मात्र इतिहासाला धरून नाही. आपण ज्या वाटांवर ट्रेक करतो त्यातल्या बऱ्याच वाटा आपल्यासाठी झालेल्याच नाहीत. रामघाट, हनुमंत घाट ही नावं ऐकली असतील. गाडीरस्ते व्हायच्या आधी कोकणातून घाटावर माल जायचा तो जनावरांच्या पाठीवर. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची आणि धान्य, गूळ, मिरची खाली यायची. लमाणांचे बैलांचे तांडेच्या तांडे या वाटांनी चढायचे. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या लष्करी छावणीकडे माल जायचा, त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून इंग्रजांच्या काळात आंबोली वाढली. त्याआधीची वाट रामघाटाची.

माझा आजोबा कधी शाळेच्या पायरीवर फारसा चढला नाही, पण एक वाक्य नेहमी म्हणायचा. "झिला, घाटाची वाट इंजिनियरान नाय काढली. ती बैलान काढली. बैलाक जो चढ झेपता, तोच माणसाक झेपता." मी इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली तेव्हाही त्यानं हेच ऐकवलं आणि वर "आता तू बैलापेक्षा बरी वाट काढून दाखव" असा आशीर्वाद दिला.

आणि घोडे तर होतेच होते. १६६७ साली विजापूरच्या बहलोलखानानं रांगण्याला वेढा घातला होता, तो शिवाजी महाराजांनी स्वतः येऊन उठवला. खाली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम त्याच सुमाराचं. समुद्रावरचा किल्ला आणि धारेवरचा किल्ला या दोघांना जोडणारी माणसं, निरोप, दाणागोटा हे सगळं घाटवाटांनीच गेलं असणार. १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा मनोहरगड हे त्यांचं एक मोठं ठाणं होतं. दख्खनचा तो काटक, बुटका भीमथडी घोडा आजही धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतो, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं त्याची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तेव्हा सह्याद्रीत घोडा परका, आणि आपण ब्रँडेड बूट घालून आलेले घरचे, असं म्हणणं म्हणजे पाहुण्यानं यजमानाला बाहेर काढणं झालं.

इतकं म्हटल्यावर माझा रूम पार्टनर खूष झाला असेल. थांब रे, तुझीही पाळी येतेय.

मी त्या रात्री गप्प का बसलो ते आता सांगतो. फर्स्ट इयरला असताना आम्ही पाच मित्र माथेरानला गेलो होतो. ऑक्टोबर महिना, परतीचा पाऊस. माथेरानची गंमत तुम्हाला माहीत असेल. १८५० साली मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती जागा लोकांसमोर आणली, १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे आली, पण गावात मोटारगाडीला मात्र बंदी. २००३ साली ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढे पायी, नाहीतर घोड्यावर. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी, एका बाजूला दरी.

आम्ही अर्थातच 'ट्रेकर'. घोड्यावर बसणाऱ्यांकडे तुच्छतेनं बघत, मोठमोठ्यानं गाणी म्हणत चाललो होतो. एका वळणावर समोरून घोडा आला. घोड्यावर सात-आठ वर्षांची मुलगी आणि लगाम धरून चालणारा पोरगा माझ्याच वयाचा, अठरा-एकोणीसचा. तेवढ्यात पावसाची सर आली. मी वाटेच्या वरच्या बाजूला, चढावर उडी मारली आणि सॅकमधून निळा पाँचो काढून तो जोरात झटकला. त्या 'फटाक' आवाजानं घोडा बिचकला. मागच्या पायांवर फिरला तो थेट दरीच्या अंगाला. पोरानं लगाम सोडला नाही. सोडला असता तर मुलगी गेली असती. घोड्यानं त्याला दहा-बारा फूट फरपटत नेलं, मग घोडा थांबला. मुलगी रडत होती, पण तिला काही झालं नव्हतं. पोराचं मनगट मात्र विचित्र दिशेला वळलं होतं.

त्याचा काका मागून धावत आला. मला वाटलं, आता मार बसणार. त्यानं आधी घोड्याच्या मानेवर हात ठेवला, मग मुलीला उतरवलं, मग पुतण्याचा हात बघितला आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमचा रेनकोट आहे हे घोड्याला काय माहीत? त्याला वरून वाघ आल्यासारखं वाटलं. खालच्या अंगाला उभं राहायचं, हलायचं नाही, बोलत राहायचं. एवढंच."

दिवाळीचा सीझन पंधरा दिवसांवर आला होता. घोडेवाल्यांची वर्षाची कमाई त्यातच. आम्ही पाच जणांनी मिळून पाचशे रुपये काढून दिले, "सॉरी" म्हटलं आणि पॉईंट बघायला निघून गेलो. मी त्या पोराचं नावसुद्धा विचारलं नाही. पाचशे रुपये! एका हाताच्या हाडाचे आणि एका सीझनचे. त्यानंतर डोंगरावर घोड्याचा विषय निघाला, की मला ते मनगट दिसतं.

नंतर वाचनात आलं, की तो काका सांगत होता ते साऱ्या जगात मानलं जाणारं शहाणपण आहे. अमेरिकेत 'पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल' नावाची एक वाट आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, डोंगरांच्या धारेधारेनं जाणारी, सव्वाचार हजार किलोमीटर लांब. तिची एक खिंड चार हजार मीटरवर आहे. १९६८ साली तिथल्या सरकारनं तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला. ती दोघांसाठीच आहे, पायी चालणारे आणि घोड्यावरचे. सायकलला बंदी. आणि नियम असा, की समोरून घोडा आला तर वाट द्यायची ती चालणाऱ्यानं. बाजूला व्हायचं, शक्यतो उताराच्या अंगाला, कारण घोडा हे भक्ष्य होणारं जनावर आहे. वरच्या बाजूला उभी असलेली आकृती त्याला हल्ल्यासारखी वाटते. घोडेस्वाराशी बोलायचं, म्हणजे घोड्याला कळतं की हा माणूस आहे. माथेरानच्या एका घोडेवाल्यानं मला हे एका मिनिटात शिकवलं, पण एका मनगटाची फी घेऊन.

तर आता मूळ प्रश्न. आंबोलीच्या सड्यावर घोडे आणायचे का?

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा भावना बाजूला ठेवून जरा गणित करू. माझं गणित ढोबळ आहे, सॉईल मेकॅनिक्सच्या सरांनी मार्क कापू नयेत. एक ट्रेकर धरा ६० किलोचा, १० किलोची सॅक. एकूण ७० किलो. एका बुटाचा जमिनीला टेकणारा भाग धरा १८० चौरस सेंटीमीटर. चालताना एका क्षणी एकच पाय जमिनीवर असतो, म्हणजे दाब झाला साधारण ०.४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. आता छोट्या चणीचा घोडा ३२० किलोचा, वर ६५ किलोचा स्वार, १५ किलोचं खोगीर. एकूण ४०० किलो. खुराचा व्यास ११ सेंटीमीटर धरला तर एका खुराचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटीमीटर. चालताना एखाद्या क्षणी दोनच खुरांवर भार आला, तर दाब २.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. म्हणजे माणसाच्या पाचपटीहून जास्त. शिवाय नाल मारलेली असते, त्यामुळे कडक जमिनीवर सगळा भार नालेच्या कडेवर येतो. उतारावर तर खूर नुसता दाबत नाही, तो खरवडतो.

कोरड्या, दगडी वाटेवर या पाचपटीचं फारसं काही बिघडत नाही. पण तीच माती पाण्यानं भिजून गच्च झाली की तिचा जोर संपतो. खुराचा खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साठतं, पुढचा घोडा तो खड्डा चुकवून बाजूनं जातो, मागून येणारा ट्रेकर त्याच्याही बाजूनं, आणि एका पावसाळ्यात दोन फुटांची वाट दहा फुटांची होते. मग त्या वाटेचाच ओहोळ होतो. माती वाहून जाते आणि खाली जांभा उघडा पडतो. सड्यावर मातीचा थर मुळात वीतभरसुद्धा नसतो. तो गेला की परत यायला आपल्या नातवंडांचं आयुष्यही पुरणार नाही.

इथेच माझ्या रूम पार्टनरचं चुकतं. तो माथेरानचं उदाहरण देतो, पण माथेरानचा मुख्य सीझन दिवाळी ते मे. आंबोलीला गर्दी कधी होते? जून ते ऑगस्ट. लोक येतात तेच मुळी पाऊस बघायला. म्हणजे घोड्याला गिऱ्हाईक नेमकं तेव्हा मिळणार, जेव्हा जमीन सगळ्यात नाजूक असते. ऑक्टोबरात माती घट्ट होईल तेव्हा गिऱ्हाईक तारकर्लीला गेलेलं असेल. धंद्याचा आणि जमिनीचा सीझन इतका उलटा असेल, तर दुसऱ्या गावाची योजना उचलून इथे चिकटवता येत नाही.

आणि त्याच सीझनला सड्यावर आणखी कोण असतं ते ऐका. आंबोलीच्या परिसरात एक छोटा भेक राहतो. २००९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. जगात तो जवळजवळ इथेच सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर जी बोटभर खोल डबकी साठतात, त्यांत तो अंडी घालतो. आपल्याला ते डबकं म्हणजे बूट धुवायची जागा वाटते. २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. मंदिराशेजारच्या एका कुंडात जगाला नवा असलेला मासा निघतो, तर सड्यावर अजून काय काय असेल? त्यावरून घोड्यांची रांग नेण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात सड्यावर घोडे नकोत. एकही नको.

पण 'डोंगर वाचवा' पक्षानं लगेच टाळ्या वाजवू नयेत. कारण तोच दाबाचा हिशोब आपल्यालाही लागू होतो. एक घोडा पाच माणसांइतका. मग रविवारी कावळेसादला पाचशे माणसं येतात ती शंभर घोड्यांइतकी नाहीत का? वाट वळणावळणानं जात असताना मधूनच सरळ खाली उतरणारे शॉर्टकट कोणी पाडले? घोड्यांनी नाही. बैलानं काढलेली वाट बैल सोडत नाही. ती सोडतो तो दहा मिनिटं वाचवणारा माणूस. आमच्याच ट्रेकमध्ये आम्ही अकरा जणांनी दोन ठिकाणी शॉर्टकट मारला, आणि तिथल्या ओल्या गवताचा चिखल झालेला मी वळून पाहिला. वेफर्सच्या पिशव्यांबद्दल तर बोलतच नाही. घोड्याची लीद निदान कुजून खत तरी होते.

मग करायचं काय? नुसतं "हे नको, ते नको" म्हणणं सोपं असतं. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात तसं कोणी विचारलं, "तुमचं सोल्यूशन काय?" तर माझं उत्तर असं.

पहिलं म्हणजे सडा सोडा, जुन्या घाटवाटा धरा. ज्या वाटा मुळातच जनावरांच्या ओझ्यासाठी होत्या, ज्यांचा चढ बैलाला झेपेल असा आहे, ज्यांवर ठिकठिकाणी दगडी बांधणी शिल्लक आहे, त्या आज काटेरी झुडपांत बुजत चालल्यात. त्या साफ करून, डागडुजी करून, पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर ते मे घोड्यांना आणि चालणाऱ्यांना खुल्या कराव्यात. धारेवर नुसतं गोल फिरून सेल्फी काढण्यापेक्षा कोकणातून घाटावर खरोखर चढून जाण्यात जास्त मजा आहे. आणि तेव्हाच मालवणचा किनाराही भरलेला असतो. चार दिवस समुद्रावर काढणाऱ्या माणसाला पाचवा दिवस डोंगरात घालवायला सांगता येईल.

दुसरं म्हणजे वाट खुराच्या हिशोबानं बांधा, चाकाच्या नाही. यात माथेरानपासून शिकण्यासारखं आहे. तिथे रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवले, तर पावसात त्यांवरून घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांनी तक्रार केली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून आल्या, आणि माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. हे चांगलंच झालं. पण एकाच रस्त्यावर माणूस, घोडा आणि चाक या तिघांना बसवायला गेलं की कोणाचा तरी पाय घसरतोच. आपण अजून सुरुवातही केलेली नाही, म्हणून आपल्याला आधी ठरवायची संधी आहे. खडबडीत दगड, पाणी बाजूला काढणारे आडवे दगडी बांध, आणि ठराविक अंतरावर दोन घोडे आणि चार माणसं थांबतील अशी रुंद जागा. हे काही रॉकेट सायन्स नाही. गडांच्या वाटा बांधणाऱ्यांना ते डिग्रीशिवाय जमत होतं.

तिसरी गोष्ट संख्येची आणि मालकीची. घोडे मोजके हवेत आणि ते वाटेवरच्या गावांतल्या लोकांचेच हवेत. बाहेरून कोणी पन्नास घोडे आणून उभे करील आणि गावातला पोरगा लगाम धरायला रोजंदारीवर ठेवील, तर ते नको. पोरगा मुंबईला गेला काय आणि आपल्याच गावात दुसऱ्याचा घोडा हाकत राहिला काय, फरक किती? स्वाराच्या वजनाला मर्यादा हवी, घोड्याला सुट्टीचा दिवस हवा. पावसाळ्याचे चार महिने घोडा बसून खाणार, त्या चाऱ्याचा खर्च भाड्यात धरायलाच हवा. तो धरला की रपेट महाग होईल. होऊ दे. स्वस्त रपेटीची किंमत शेवटी घोड्याच्या पोटातून निघते.

चौथं काम मात्र आपलं आहे. सिव्हिलच्या फायनल इयरच्या मित्रांनो, दरवर्षी तेच ते 'रेन वॉटर हार्वेस्टिंग ऑफ कॉलेज कॅम्पस'! सिनिअरच्या रिपोर्टचं मुखपृष्ठ बदलून सबमिट करण्यापेक्षा एका जुन्या घाटवाटेचा सर्व्हे करा. किती ठिकाणी चढ जास्त आहे, पाणी कुठे वाटेवर येतं, जुनी बांधणी कुठे शिल्लक आहे, माती किती धुपली. लेव्हल आणि स्टाफ घेऊन चार रविवार पुरतील. वनखात्याची परवानगी लागेल, सर मदत करतील. आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर नाही म्हणू नका, मी ग्रुपमध्ये पहिलं नाव द्यायला तयार आहे.

एक आक्षेप मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, इतके नियम कोण पाळणार? आपल्याकडे बंदी तरी पाळली जाते, नाहीतर मोकाट तरी सुटतं, मधलं काही टिकत नाही. म्हणून सरळ बंदीच बरी. या आक्षेपात दम आहे, हे मी मान्य करतो. पण बंदी घातली की डोंगराला गिऱ्हाईक राहतं ते फक्त गाडीतून येणाऱ्याचं, आणि गाडीसाठी मग नवा रस्ता, रस्त्यासाठी डोंगरकापणी, आणि दर पावसाळ्यात दरडी. घाटवाटेला काही उपयोग उरला नाही, की तिच्या बाजूनं बोलायला कोणी उरत नाही. ज्या वाटेवर चार घरांची चूल पेटते, ती वाट ती चार घरं राखतात. माझा नियमांवर जेवढा विश्वास आहे त्याहून जास्त या चुलीवर आहे.

आता शेवटचं. घोडे येवोत न येवोत, वाट देण्याचा नियम आपण आजपासून पाळू शकतो. समोरून घोडा, बैल, म्हशी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, कोणीही ओझेवाला आला, तर आपण थांबायचं. खालच्या अंगाला, पाय घट्ट रोवता येईल अशा जागी उभं राहायचं. पाँचो झटकायचा नाही, मोबाईलवरचं गाणं बंद करायचं, आणि "या काका, जावा पुढे" एवढं बोलायचं. आपण डोंगरावर मजेसाठी आलेलो असतो आणि समोरचा पोटासाठी. मग वाट कोणी कोणाला द्यायची, यात वादासारखं काय आहे?

येत्या सुट्टीत मी पुन्हा माथेरानला जाणार आहे. ते वळण मला आठवतंय. दस्तुरी नाक्यावर चौकशी केली तर तो काका सापडेलही. पोराचं मनगट नीट बसलं का, ते विचारायचंय, आणि या वेळी त्याचं नावही विचारायचंय. रूम पार्टनर म्हणतो, "मीपण येतो, तुझ्या त्या काकांकडून घोड्यांचा हिशोब समजून घेऊ." येऊ दे. फक्त त्याला एक अट घातली आहे. छत्री, पाँचो जे काही असेल, ते खाली नाक्यावरच उघडून अंगावर घ्यायचं.